चिनू, तिकिटाचं बोललीस त्यावर

चिनू,

काल फोनवर तू सांगितलंस की एका पक्षाकडून विधानसभेसाठी विचारणा आलीय आणि मी नुसतं हं हं करून फोन आईकडे दिला, त्याचा तुला राग आला म्हणे. अगं राग कसला, मला पटकन काही सुचलंच नाही. रात्री सुचलं ते टाईप करतोय, ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस.

पहिला आठवला तो इसुदान गढवी, तुझ्यासारखाच टीव्हीवरचा अँकर. इथे वडोदऱ्यात आपल्या खालच्या मजल्यावरचे काका व्हीटीव्ही या गुजराती चॅनेलवर त्याचा महामंथन कार्यक्रम लावायचे, आवाज इतका की आपल्या किचनमध्ये ऐकू यायचं. शेतकऱ्यांचे प्रश्न लावून धरायचा, लोकांना आवडायचा. जून 2021 ला गडी आपमध्ये गेला, नोव्हेंबर 2022 ला डायरेक्ट मुख्यमंत्रिपदाचा उमेदवार, आणि डिसेंबरात स्वतःच्याच भागात, खंभाळियात, भाजपच्या मुळूभाई बेरांपुढे 18 हजारांच्या वर मतांनी पडला. आणि आपले काका? रोज बघायचे ना, मत मात्र कमळाला, मला स्वतः सांगितलं हसत हसत. त्याच्याही आधी स्टार न्यूजवाली शाझिया इल्मी, 2013 ला दिल्लीत आर. के. पुरमला फक्त 326 मतांनी पडली. एका सोसायटीएवढी मतं गं!

मी बँकेत असताना इलेक्शन ड्युटी केलीय चार-पाच वेळा. बूथवर पक्षाचा एजंट असतो ना, तो यादीवर पट्टी ठेवून एकेक नावावर टिक करत बसतो, दुपार झाली की बाहेर चिठ्ठी जाते की अमक्या गल्लीतली सहा जणं अजून आली नाहीत, मग कोणीतरी रिक्षा घेऊन त्यांच्या दारात. टीव्हीवर तोंड दिसतं म्हणून लोक सेल्फी काढतील, पण ती रिक्षा कोण पाठवणार? हे त्या पक्षवाल्यांना विचार, पोस्टरवर फोटो केवढा ते नंतर.

पण लढू नको असं म्हणत नाहीये मी. माझं दुखणं वेगळंच आहे. तू अजून रोज नऊला बातम्या देतेस, आणि त्या पक्षाच्या माणसाला पॅनलवर प्रश्नही तूच विचारतेस, आणि दुपारी त्यांच्याच ऑफिसात चहा. हे मला नाही पटत बाई. बोलणी करायचीयत तर आधी एडिटरला सांग, स्क्रीनवरून उतर, मग खुशाल कर. पगार थांबला तर इकडे ये, शेव-उसळ खाऊन राहू, तुझी आई काय सांगते ते सोड.

आज नऊला टीव्ही लावणारच आहे मी, त्यांची बातमी आली की माझं लक्ष बातमीकडे नाही, तुझ्या तोंडाकडे असणार.

बाबा