नाव बदललं तरी घर ओळखू येतं

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवण्यांत आणि दिवाळी अंकांत विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांवरच्या ‘सत्यघटनेवर आधारित’ कथा हल्ली फार येतात. खऱ्यात खोटं मिसळायला हरकत नाही, त्याशिवाय कथाच होत नाही. तक्रार आहे ती मिसळण्याच्या जागेबद्दल. जे बदलायला हवं ते लेखक तसंच ठेवतात आणि जे तसंच हवं तिथे कल्पना लढवतात.

हजार-बाराशे वस्तीच्या गावात नाव बदलून कोणी लपत नाही. नाल्यापलीकडचं तीन एकर कोरडवाहू, दोन मुलींवरचा मुलगा, पायानं अधू बायको, एवढं लिहिलं की आडनाव काहीही ठेवा, तालुक्याच्या स्टँडवरच्या पानठेल्यावरही घर ओळखलं जातं. पुढे लेखकानं पदरचा घातलेला संशय, भावजय-दिराची कुजबुज, हेही मग खरंच धरलं जातं, कारण बाकीचं सगळं खरं निघालेलं असतं. हे निस्तरायला लेखक गावात नसतो. मुलींची सोयरीक जुळवताना ती कथा घरच्यांच्या आडवी येते. बदलायचं तर शेताची दिशा बदला, मुलांची संख्या बदला, दोन घरांची माणसं एका पात्रात घाला.

तळाशी ‘सर्व पात्रे काल्पनिक’ छापलं की सुटलो, हाही एक समज. ही ओळ रूढ झाली तीच मुळी एका हरलेल्या खटल्यामुळे. रशियाच्या झारच्या दरबारातल्या रासपुतिन या साधूवरच्या १९३२ सालच्या हॉलिवूडपटात एका राजकन्येवर त्यानं अत्याचार केल्याचं सूचित केलं होतं. पात्राचं नाव नताशा. तरी ती आपणच, हे झारच्या भाची इरिना युसुपोव यांनी लंडनच्या कोर्टात पटवून दिलं आणि १९३४ साली अपिलातही चित्रपट कंपनी हरली. आपला कायदा तर मेलेल्या माणसाचीही अब्रू मानतो. तो जिवंत असता तर ज्यानं त्याची बदनामी झाली असती, ते घरच्यांना दुखावण्याच्या हेतूनं लिहिलं, तर तो गुन्हा ठरतो.

आता ज्याला हात लावू नये ते. पोळ्याच्या दिवशी पांढऱ्याशुभ्र फुटलेल्या कापसात नायक बसलेला असतो. जूनच्या पावसावर पेरलेली पऱ्हाटी पोळ्याला पात्या-फुलांवर असते, फार तर हिरवी बोंडं. कापूस फुटून सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, होते ती दसरा-दिवाळीच्या सुमाराला. हे चुकलं की पुढचं काहीही खरं वाटत नाही, कारण त्या दोन महिन्यांतच फवारणीची उधारी वाढते आणि घरात रुपया नसतो. कथेतला ताण तिथेच आहे, आणि लेखक नेमके तेच महिने गाळतो!

कथा १९८५ सालची असेल तर खाजगी व्यापारी उघडपणे कापूस मोजून घेत नव्हता. १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस फक्त सरकारी योजनेतच विकायचा. बैलबंडी पणन फेडरेशनच्या खरेदी केंद्रावर रांगेत लागायची, ग्रेडर प्रत ठरवायचा, चुकाऱ्याची, म्हणजे कापसाच्या पैशांची, वाट पाहावी लागायची. जनुक बदललेलं बीटी बियाणं तर २००२ नंतरचं. त्याआधीच्या गोष्टीत ४५० ग्रॅमची बीटीची थैली आली की वाचक पुस्तक मिटतो.

सावकाराचं तर विचारूच नका. कथांत त्याची लाल चोपडी नि अंगठा अजून चालूच आहेत. आजचा सावकार कधी बियाणं-औषध उधार देणारा दुकानदार असतो, कधी नोकरदार. मोठ्या रकमेला तो गहाणखत करत नाही, दुय्यम निबंधकाकडे सरळ खरेदीखतच नोंदवून घेतो. ‘पैसे दिले की शेत परत’ हे फक्त तोंडी. कागदावर ती साधी विक्री असते, म्हणून सोडवणं कठीण. त्यावर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. तिथली सुनावणी एकाही कथेत आलेली दिसत नाही.

यातून मोठी गफलत होते ती शेवटच्या प्रकरणात. अवैध सावकाराच्या जाचानं शेतकरी आत्महत्या करतो आणि आठवड्यात साहेब घरी सरकारी मदतीचा एक लाखाचा चेक देतात. २००६ पासूनच्या नियमात कर्ज बँकेचं, सहकारी सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं लागतं, ते फेडता न येणं आणि वसुलीचा तगादा हेही दिसावं लागतं. नुसतं अवैध सावकाराचंच कर्ज असेल तर प्रकरण ‘अपात्र’ होतं. पात्र ठरलं तरी हाती येतात ३० हजार. ७० हजार वारसाच्या नावे ठेवीत जातात. एकाच कथेत हा सावकार आणि तो चेक, दोन्ही हवे असतील तर सोसायटीचं थकीत कर्जही दाखवावं लागेल.

आपल्याला एक विनंती. अशी कथा छापण्याआधी त्या भागातल्या एखाद्या तलाठ्याला किंवा कृषी सहायकाला वाचायला द्यावी. हंगाम नि कागद कुठे चुकले ते तो सांगेल, आणि माणूस ओळखू येतो का, तेही. चूक दुरुस्त करता येते. माणूस ओळखू आला तर मात्र कथा लेखकाकडे परत पाठवावी.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ