दोन मिलिमीटरची गोष्ट

संपादक महोदय,

शिरोलीच्या फाउंड्र्यांमधून निघालेले व्हॉल्व्ह तपासण्यात माझी एकोणतीस वर्षं गेली. निवृत्त झालो तरी पुतण्याच्या कारखान्यात अधूनमधून चक्कर होते. परवा तिथे चार इंची, क्लास १५० (दाबाची श्रेणी) चा गेट व्हॉल्व्ह टेबलावर होता. सवयीने व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला. पुढची उंच कड सोडून फ्लँज (पाइपला बोल्टने जोडायची चकती) भरला २०.३ मिमी!

ड्रॉइंग काढणारा मुलगा हुशार, पण फसला होता. एएसएमई बी१६.५ या फ्लँजच्या मापांच्या अमेरिकी मानकाच्या जुन्या तक्त्यात ही जाडी २३.९ असायची, पुढची उंच कड धरून. नव्या तक्त्यात २२.३ आहे, पण कड सोडून. मुलाने २२.३ ही एकूण जाडी धरली आणि त्यातूनच दोन मिलिमीटरची कड काढली. झालं! त्यात ही किमान जाडी. वर तीन मिलिमीटर चालतात, खाली शून्य.

‘काका, दोन मिलिमीटरनं काय होतंय?’ पुतण्या म्हणाला. अरे, जाडीच्या घनाप्रमाणे ताठपणा बदलतो. इथे तो पाव भागाने घटला. बोल्ट आवळले की फ्लँज किंचित वाकतो, गॅस्केटवरचा (दोन फ्लँजांमधल्या गळतीरोधक चकतीवरचा) दाब सगळीकडे सारखा राहत नाही आणि वाफ वाट शोधते. लोखंड मात्र वाचतं, हे खरं.

पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा साचा करतात तो नमुना) आता दुरुस्तीला गेलाय. तंत्रनिकेतनांच्या ड्रॉइंग हॉलमध्ये तक्त्यांखालच्या बारीक टिपा मुलांकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात, एवढी विनंती.

– एक निवृत्त तपासनीस, कोल्हापूर