केसगळतीचं औषध लावताना

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

केसरोपणाचे टाके नकोत, रजा नको, म्हणून रत्नागिरी-चिपळुणातली तरुण मुलं टक्कल दिसू लागताच मिनॉक्सिडिल या टाळूवर लावायच्या केसांच्या औषधाची बाटली नेतात. औषध खरं आहे, वापर चुकतो. पुरुषांसाठी ५ टक्क्यांचं द्रावण, एका वेळी १ मिलि, दिवसातून दोनदा. भांग पाडून थेंब टाळूच्या कातडीवर पडले पाहिजेत. नुसते केस चोपडून उपयोग नाही. डोकं कोरडं हवं. आपल्या दमट हवेत घामेजल्या डोक्यावर लावलं की ते कपाळावर ओघळतं आणि नको तिथे लव उगवते. आधी खोबरेल लावू नये. रात्रीचं औषध झोपण्याआधी दोन तास लावून वाळू द्यावं. घरात मांजर असेल तर तिला उशीवर बसू देऊ नये. हे औषध थोडं चाटलं तरी मांजर दगावू शकतं.

पहिल्या दोन महिन्यांत केस जास्तच गळतात आणि बरेच जण तिथेच सोडतात. ती तात्पुरती गळती असते; फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. बंद केलं की काही महिन्यांत कमावलेलं जातं, हे दुकानातच सांगायला हवं.

पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) किंवा डेंग्यूचा ताप होऊन गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी मूठभर केस हाती येतात. ते बहुधा आपोआप परततात. त्यासाठी पीआरपीच्या, म्हणजे आपल्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त द्रव टाळूत टोचण्याच्या, महागड्या सुया नकोत. आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासावं. फिनास्टेराइड ही टकलावरची पोटात घ्यायची गोळी मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुणी देऊ नये, आणि तुटलेली गोळी गरोदर बाईने हाताळूही नये.

आपले,
काही औषधविक्रेते, रत्नागिरी