सुध्या, हे वाचून फाडून टाक

प्रिय सुध्या,

मागच्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही म्हणून घातलेल्या शिव्या पोचल्या असं समज. तब्येत ठीक आहे. पीएसए, म्हणजे माझ्या प्रोस्टेटच्या कॅन्सरवर नजर ठेवणारा रक्तातला आकडा, 0.4 पर्यंत उतरला होता, आता 0.7 आहे. डॉक्टर म्हणतात, रेडिएशननंतर तो मधेच अशी उसळी मारतो आणि पुन्हा बसतो. सगळ्यात खालच्या आकड्याच्या वर पुरता 2 ने चढला तर बघू, तोवर झोपा. मी झोपतो. म्हणजे उठून उठून झोपतो, पण ते रडगाणं पुढे येईलच.

लिहायला बसलोय ते वेगळ्या कारणानं. मागच्या महिन्यात सकाळी कमोडमध्ये लाल दिसलं. काल बीट खाल्लं होतं का, आठवून पाहिलं. माझ्या ताटात बीट कसलं येतंय! रेडिएशन संपून वर्ष उलटलेलं, सगळ्यांनी 'सुटलास बाबा' म्हणून झालेलं, आणि आता हे. फ्लश केलं, दाढी केली, बाहेर येऊन नलूला विचारलं, पेपर कुठाय? आठवीच्या सहामाहीनंतर इतका सफाईदार अभिनय मी केला नव्हता. त्या दिवशी बाकाखाली काय झालं होतं ते जगात तुलाच ठाऊक आहे, म्हणून हेही तुलाच.

दुर्बीण घालून घेतली, फक्त गुदाशयापुरती, छोटी. घरी सांगितलं, बँकेत काम आहे. आधी रेडिएशन झालंय हे दुर्बीणवाल्या डॉक्टरांना मी आत शिरल्या शिरल्या सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं बोललात, गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा आम्ही तपासायला उगाच काढत नाही, तिथली जखम भरता भरत नाही. पडद्यावर मलाही दाखवलं. गुलाबी अस्तरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल रेघा. प्रोस्टेट आणि गुदाशय एकमेकांना चिकटूनच असतात, त्यामुळे किरणांचा थोडा वाटा शेजाऱ्याला जातोच. मग महिन्यांनी, कधी वर्षांनी तिथं या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि जरा घासलं की रक्त येतं. कॅन्सर परत आलेला नाही. फार वाहायला लागलं तर सुक्राल्फेट नावाच्या औषधाचा एनिमा आहे, आर्गॉन वायूनं डागायची सोय आहे. सध्या यातलं काही नको. मग त्यांनी विचारलं, शौचाला कडक होते का? आणि काय खाता?

आता खरी गोष्ट ऐक. ट्रीटमेंट चालू असताना जुलाब लागले होते, तेव्हा आहाराचा एक छापील कागद हातात मिळाला होता. वर मोठ्या अक्षरात 'टाळा': कच्च्या भाज्या, सालीसकट फळं, कोंड्याचं पीठ, कडधान्यं, कोबी, दूध, तिखट. खाली 'घ्या': मऊ पांढरा भात, केळं, उकडलेला बटाटा, साल काढून शिजवलेलं सफरचंद. त्या दिवसांत तो कागद अगदी बरोबर होता. आतड्याला सूज असताना चोथा जितका कमी तितकं बरं. पण कधीपर्यंत, हे त्या कागदावर कुठंच नाही. ट्रीटमेंट संपल्यावर कुणी सांगितलंही नाही. कागद फ्रिजवर चिकटवलेला, कोपरे तेलकट झालेले, 'टाळा'खाली नलूनं पेन्सिलीनं आणखी चार नावं वाढवलेली. वर्ष झालं, मी भात आणि बटाट्यावर जगतोय. जुलाब थांबून कधीच बद्धकोष्ठ झालंय, आणि तेच त्या नाजूक जागेवर घासतंय.

म्हणजे करायचं ते साधं आहे. चोथा परत आणायचा, पण हळूहळू. आधी पाण्यात विरघळणारा: ओट्स, इसबगोल, शिजवलेलं गाजर, मग धुतलेल्या डाळी, मग सालीकडे वळायचं, आणि वर भरपूर पाणी. एकदम मूठभर कोंडा खाल्ला तर पोट फुगून मीच वर जाईन.

अडलंय ते नलूपाशी. वर्षभर तिनं त्या कागदाचं जे काही केलंय ते तू पाहिलेलं नाहीस. पाहुणे आले की माझं ताट वेगळं. मुलानं मला अर्धा पेरू दिला तर त्याच्याशी ती दोन दिवस बोलली नाही. आता तिला रक्ताचं सांगायचं म्हणजे तुझ्या मऊ भातानं केलं म्हणून सांगायचं. मी कितीही म्हटलं की मूळ कारण किरणं आहेत, भातानं फक्त भर घातली, तरी पहिला अर्धा तिला ऐकू येणार नाही. तुला नलू माहीत आहे. तुझ्या स्कूटरवरून पडलो होतो तेव्हा, आपणच निघताना घाई केली म्हणून ती महिनाभर स्वतःला बोलत होती. (स्कूटरचे ब्रेक खराब होते, सुध्या. आजही तू मान्य करत नाहीस.)

बाकीच्या तक्रारी मी तिला बिनधास्त सांगतो. हॉर्मोनच्या इंजेक्शनानं अंगातून वाफा निघायच्या, मध्यरात्री मी पंख्याखाली उघडा उभा, तर ही हसून म्हणाली, आता कळलं का? हाडं ठिसूळ होतात म्हणून कॅल्शियम, डी आणि वजनं उचलणं चालू आहे. वजनं म्हणजे पाण्याच्या बाटल्या. प्रोस्टेटच्या कॅन्सरवरच्या या हॉर्मोनच्या इलाजासाठी हगिन्स नावाच्या डॉक्टरांना 1966 चं नोबेल मिळालं. क्विझमध्ये कधी विचारलंस तर पैज हरशील. लघवीचं आता पुष्कळ बरं आहे. चहा पातळ, कॉफी बंद, सोडा बंद. पाणी मात्र तोडायचं नाही; तोडलं की लघवी दाट होते आणि जास्तच झोंबते. दिवसा पिऊन घ्यायचं, संध्याकाळनंतर आवरतं. ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचे व्यायाम करतो, रांगेत उभा असतानाही. कुणाला कळत नाही. आणि ट्रीटमेंटच्या वेळी भरलेल्या मूत्राशयानं टेबलावर पडून राहायचं असायचं, म्हणजे आतडी वर सरकतात आणि किरणांतून वाचतात. एकदा मशीन अडलं. मी छताकडे बघत आठवीतला तो पेपर पुन्हा दिला. या वेळी पास झालो.

ते दुसरं खातं बंद आहे. इंजेक्शनाचा असर ओसरला तरी किरणांचा परिणाम तिथं सावकाश, वर्षानुवर्षं वाढत जातो म्हणे. गोळ्या आहेत, बघू. यावर उत्तरात एक अक्षरही नको.

आणि तू पाठवलेल्या व्हिटॅमिन ई च्या बाटल्या कपाटात आहेत, सीलबंद. 35 हजारांवर निरोगी पुरुषांवर मोठी चाचणी झाली होती. 2011 मध्ये निकाल आला की ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्क्यांनी जास्त निघाला. तू प्रेमानं पाठवल्यास, पण लेका, पाठवण्याआधी वाचत जा. वहिनीलाही सांग, नातवाला माझ्या मांडीवर बसवलं तर काही होत नाही. किरणं बाहेरून आली आणि गेली, माझ्यात काही उरलेलं नाही. मागच्या वेळी ती त्याला सारखी उचलून नेत होती, मला कळलं होतं.

तुझा गुडघा कसा आहे? फ्लॅटचं मिटलं का? बंड्या भेटला होता, तोच बडबड्या. धाकटीचं लग्न ठरलं हे फार छान झालं. येणार, नक्की येणार. खुर्ची कडेची ठेव आणि खोली बाथरूमजवळची.

आता काम. वहिनीनं नलूला फोन करावा, इकडचं तिकडचं बोलावं, आणि मधेच म्हणावं की आमच्या डॉक्टरांनी ह्यांना ओट्स आणि इसबगोल लावलंय, किती बरं वाटतंय, तुमच्याकडेही विचारून बघा ना. एवढंच. नलूचा वहिनीवर विश्वास आहे, माझ्यावर नाही. ती डॉक्टरांना विचारेल, ते हो म्हणतील, आणि फ्रिजवरचा कागद ती स्वतः काढेल. वहिनीला कारण सांगायचं की नाही ते तू ठरव. नाही सांगितलंस तर बरं, तिला खोटं नीट बोलता येत नाही. रक्त पुन्हा आलं, किंवा खाणं बदलल्यावरही थांबलं नाही, तर मात्र मी सगळं नलूला सांगणार आहे.

उत्तर व्हॉट्सॲपवर देऊ नकोस, माझा फोन घरभर फिरत असतो. सकाळी अकराला कर, तेव्हा ती भाजी आणायला गेलेली असते.

तुझा,
विन्या