एक ‘पाहणे’, तीन क्रियापदे

महोदय,

मराठीतील ‘पाहणे’ या एका क्रियापदासाठी इंग्रजीत ‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’ अशी तीन क्रियापदे आहेत, पण शब्दार्थ पाठ करून घेताना त्यांतील फरक मुलांना क्वचितच सांगितला जातो, याचे वाईट वाटते. आपोआप नजरेस पडते तेव्हा ‘सी’, मुद्दाम नजर वळवली की ‘लुक’, आणि हलत्या-बदलत्या गोष्टीकडे काही वेळ लक्ष देऊन पाहिले की ‘वॉच’. ‘लुक’पुढे पाहण्याची वस्तू सांगायची तर ‘ॲट’ हवेच. मुले नेमकी तेथेच अडखळतात. वास्तविक ‘मला दिसले’ आणि ‘मी पाहिले’ यांत मराठी मूल कधीच गफलत करत नाही, तेव्हा शिक्षकांनी याच ओळखीच्या भेदापासून सुरुवात करावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा