मनूच्या गोळ्यांबद्दल, आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे, काळजी नसावी. बाबा, फोनवर तुम्ही विचारलंत, "गोळ्या सुरू होऊन दहा दिवस झाले, फरक कुठाय?" मनू तुमच्या शेजारीच होती, म्हणून तेव्हा बोललो नाही.

नैराश्याच्या गोळ्यांचा त्रास आधी दिसतो, गुण मागून. मळमळ, बेचैनी, उडालेली झोप पहिल्या आठवड्यातच. मन जरा हलकं व्हायला २ ते ४ आठवडे, नीट उतार पडायला ६ ते ८. म्हणून बरेच जण नेमके दहाव्या-बाराव्या दिवशी "मानवत नाहीत" म्हणून सोडून देतात. त्रास सोसवेना तर डॉक्टरांना सांगा, ते डोस किंवा वेळ बदलतील. एक गोळी राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. बरं वाटल्यावरही निदान ६ महिने चालू ठेवायच्या, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. एकदम तोडल्या तर चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखं होतं, आणि मग शेजारीपाजारी म्हणणार, बघा, व्यसन लागलं. ते व्यसन नव्हे.

आई, हे पहिले काही आठवडे डोळ्यांत तेल घालून राहा. उठून काही करायची ताकद आधी येते, मनातलं ओझं नंतर उतरतं, म्हणून मधल्या दिवसांत जिवाचं बरंवाईट करून घेण्याची भीती असते. पंचविशीच्या आतल्या मुलांना तर जास्तच जपावं लागतं. गोळ्यांची पाकिटं कुलपात ठेव, बाहेर आठवड्यापुरत्याच. बाबांच्या बीपीच्या गोळ्याही आत. फवारणीचं औषध घरात नकोच.

इथे ब्रिटनमध्ये एक प्रकार आहे, मला अजून पचलेला नाही. दुःखाला मार्क देतात! नऊ प्रश्नांचा फॉर्म: गेल्या २ आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात रस वाटला का. अजिबात त्रास नाही तर ०, काही दिवस असेल तर १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळपास रोज ३. एकूण २७ पैकी. १० पासून मध्यम, २० पासून तीव्र. समुपदेशनाच्या दर भेटीला हा भरायचा, जणू सहामाही परीक्षा. आणि नववा प्रश्न थेट: मेलेलं बरं, असं मनात येतं का? आपल्याकडे हे तोंडातून काढलं तर "शुभ बोल" म्हणतील. पण विचारल्याने असला विचार डोक्यात शिरत नाही, उलट आत कोंडलेलं बाहेर पडतं. तूही विचार, "मनू, जीव द्यावासा वाटतो का?" हो म्हणाली तर रागावू नको, शपथा घालू नको. कसं, कधी, काही ठरवलंय का, तेवढं विचार. ठरवलं असेल तर एकटीला सोडायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. रात्री कळेनासं झालं तर १४४१६ लावा, टेली-मानस, सरकारची मानसिक आजारांसाठीची हेल्पलाइन. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

"हिंमत धर" म्हणू नका. "पाणी काढलंय, अंघोळ करून घे" हे जास्त उपयोगी. झोप, जेवण, गोळी रोज एका ओळीत वहीत लिहा, पुढच्या भेटीला न्या. थायरॉइड आणि बी-१२ तपासलं का, तेही विचारा.

लांब बसून सांगणं सोपं, असं काका म्हणाले म्हणे. म्हणू देत. दिवाळीला सुट्टी मिळत नाहीये, त्याचं मला काय वाटतं ते मी लिहीत बसत नाही.

समुपदेशनाचे पैसे खात्यावर टाकलेत, फी बघून भेटी टाळू नका. २०१७ च्या कायद्याने विमा कंपनीला मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. ओपीडीचा खर्च मात्र पॉलिसीत असेल तरच मिळतो, तेवढं बाबांनी वाचून घ्यावं.

राहिलं मनूच्या स्थळाचं. लग्न झालं की सगळं ठीक होईल, हे मावशीचं म्हणणं मला मान्य नाही. तिला आधी सावरू दे, मग तिलाच विचारू. माझ्यासाठी पत्रिका बघताय ते चालू द्या, फोटोही पाठवा. फक्त मनूच्या आजाराबद्दल कुणी विचारलं तर खोटं सांगू नका. तेवढ्यावरून मोडणारं स्थळ मलाही नको.

तुमचा,
विनू