अठरा वर्षांनंतर ऑटिझमची तपासणी कुठे करायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी मुलगी २१ वर्षांची आहे. तिला ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता (इतरांशी संवाद साधण्याची आणि आवाजासारख्या गोष्टी जाणवण्याची लहानपणापासूनची वेगळी जडणघडण), आहे किंवा नाही हे तज्ज्ञांकडून तपासून घेण्यासाठी आम्ही दीड वर्ष दारोदार फिरत आहोत. त्या अनुभवातून जे लक्षात आले ते आपल्या वाचकांपुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र तिने वाचले आहे आणि नाव-गाव न देण्याच्या अटीवर तिची संमती आहे.

दहावीला तिला ९१ टक्के गुण होते. शाळेतून तिच्याविषयी कधी तक्रार आली नाही. ‘शांत व गुणी मुलगी’ हाच शेरा दरवर्षी प्रगतिपुस्तकावर असे. घरी मात्र कुकर लावला की ती गच्चीवर जाऊन थांबत असे आणि विसर्जन मिरवणुकीच्या ढोलांनंतर दोन-दोन दिवस धड जेवत नसे. आम्ही तिला लाजाळू म्हणत राहिलो. पुढे शिक्षणासाठी वसतिगृहात गेल्यावर दुसऱ्याच सत्रात ती पूर्ण खचली आणि घरी परतली. काही महिन्यांनी तिने मला आपल्या वह्या दाखवल्या. मेसमध्ये कोणी ‘काय गं, जेवलीस का?’ असे विचारले तर काय उत्तर द्यायचे, मग आपण उलट काय विचारायचे, समोरच्याकडे किती वेळ पाहायचे, हसायचे कधी, हे सारे तिने आठवीपासून लिहून पाठ केलेले होते. वर्गातल्या एका मैत्रिणीची बोलण्याची ढब तिने जशीच्या तशी उचलली होती. ‘स्वमग्न’ हा शब्द मला तेव्हापासून खटकतो, कारण ही मुलगी स्वतःत रमलेली नव्हती. इतरांकडे लक्ष देता देता ती थकून गेली होती.

आधी मानसोपचार झाले. चिंतेवरील औषधांनी झोप सुधारली, हे मान्य केले पाहिजे. पण ही चिंता लहानपणापासून का आहे, हे कोणी विचारले नाही. नंतर बालविकासाच्या एका केंद्रात ‘१८ वर्षांवरील व्यक्तींना आम्ही पाहत नाही’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी दहा मिनिटांत सांगितले की, ती डोळ्याला डोळा देऊन बोलते, गुणही चांगले आहेत, म्हणजे ऑटिझम नाही. ज्या गोष्टीसाठी तिने वह्या भरल्या, तीच गोष्ट तिच्याविरुद्ध पुरावा ठरली.

यात एकट्या डॉक्टरांचा दोष नाही. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझम असलेल्या ज्या ११ मुलांचे वर्णन केले, त्यांतील ८ मुलगे होते. पुढील वर्षी ऑस्ट्रियातील बालरोगतज्ज्ञ हान्स आस्पर्गर यांनी मांडलेली उदाहरणे तर केवळ मुलग्यांची होती. निदानाची ओळख त्या चित्रावरून घडली आणि अनेक मुली तिच्याबाहेर राहिल्या. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची २०१३ ची निदानपुस्तिका मात्र स्पष्ट सांगते की, लक्षणे बालपणापासूनच असावी लागतात, पण बाहेरच्या जगाच्या मागण्या झेपेनाशा होईपर्यंत ती पूर्णपणे दिसतीलच असे नाही, आणि मोठेपणी शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे ती झाकलीही जाऊ शकतात. हे वाचताना मला वसतिगृहातले तिचे ते सत्र आठवले.

अखेर पुण्यातील एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे (मानसिक तपासण्या करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांकडे) गेल्या महिन्यात पहिली भेट झाली. दोन तासांतील बराच वेळ त्यांनी मला तिच्या पहिल्या तीन-चार वर्षांविषयी विचारले. ती केव्हा बोलू लागली, बोट दाखवून वस्तू मागायची का, दुसऱ्या मुलांच्या खेळात शिरायची का? एसटी स्थानकावरील घोषणा ती घरी येऊन शब्दन्‌शब्द म्हणायची आणि वरण भाताला लागलेले तिला चालत नसे, एवढे मला आठवले. तिला अंगाखांद्यावर वाढवणाऱ्या माझ्या सासूबाईंना याहून कितीतरी अधिक सांगता आले असते, पण त्या आता नाहीत. तपासणी जितकी लांबते तितके असे साक्षीदार कमी होतात, म्हणून पालकांनी जुनी प्रगतिपुस्तके, वह्या आणि घरच्या चित्रफिती जपून ठेवाव्यात.

‘आता कळून काय उपयोग? उलट लग्नाला अडचण,’ असे नातेवाईक म्हणतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत ऑटिझम आहे आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास सरकारी उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के राखीव जागांचा लाभही आहे. परंतु माझ्या मुलीला प्रमाणपत्राची घाई नाही. आपण आळशी किंवा आढ्यताखोर नाही आहोत, हे तिला जाणून घ्यायचे आहे. उत्तर ‘ऑटिझम नाही’ असे आले तरी ते नीट तपासून आलेले असावे, एवढीच तिची अपेक्षा आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील तपासणी जन्मापासून १८ वर्षांपर्यंत आहे आणि ती चांगलीच सोय आहे. त्यापुढील वयासाठी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस तरी मानसोपचारतज्ज्ञ व क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची एकत्रित ओपीडी असावी, तेथील विचारपूस मराठीत व्हावी आणि प्रत्येक कुटुंबाला किमान तासभर मिळावा, अशी राज्याच्या आरोग्य विभागाला माझी विनंती आहे. तोपर्यंत किमान केसपेपरच्या खिडकीवर तरी, मोठ्या मुलीला घेऊन कोणत्या खोलीत जायचे, हे सांगता यावे.

आपली,
एक आई
(नाव व गाव संपादकांकडे दिले आहे)